सगुणा, परी आणि गळकं सूप

ओढ्याच्या वळणावर एक बाग होती. ती नक्की कुणाची, हे कुणालाच सांगता येत नसे, म्हणून ती सगळ्यांची होती. तिच्यात शुभ्र तगर होती, लालचुटुक जास्वंदी होत्या, शेवग्याची उंच झाडं होती, आणि पेरू तर इतके की ते खायचे कुणी हाच प्रश्न पडावा. बागेच्या कुंपणाला टेकून एक इवलीशी झोपडी होती. टेकून म्हणजे अगदी टेकून. कुंपण नसतं तर ती झोपडी केव्हाच आडवी झाली असती.

त्या झोपडीत सगुणा नावाची मुलगी आणि तिचे बाबा राहत. बाबा बुरूड होते. बांबू चिरून त्याच्या पातळ, लवचीक कामट्या काढायच्या आणि त्या विणून सुपं, टोपल्या, परड्या करायच्या, हा त्यांचा धंदा. सगुणा रांगत होती तेव्हा एका तापात त्यांचे डोळे गेले. पण हात शाबूत होते, आणि त्या हातांचं विणकाम इतकं घट्ट असे की त्यांच्या सुपातून राळ्याचा बारीकसा दाणाही खाली पडत नसे. गावकरी सूप नेत आणि बदल्यात ओंजळ-दोन ओंजळी बाजरी नाहीतर नाचणी टाकून जात. तेवढ्यावर दोघांचं भागायचं. कधीकधी भागायचं नाही, मग सगुणा बागेत जाऊन शेवग्याची फुलं वेचून आणायची आणि त्यांची भाजी करायची.

आता तुम्ही विचाराल, दिसत नाही त्या माणसाला सकाळ झालेली कळते कशी? ऊन लागतं म्हणाल, तर झोपडीवर आंब्याची इतकी दाट सावली होती की ऊन आत यायला लाजायचं. बाबांना दिवस कळायचा तो पाखरांमुळे. उजाडायच्या आधी कुंपणावर बसून दयाळ शीळ घाली, की बाबा उठून चूळ भरत. चिमण्यांचा चिवचिवाट सुरू झाला, की विणायला बसत. होले घुमू लागले, की दुपार, भाकरी. आणि राघूंचा थवा कलकलाट करत घराकडे निघाला, की सुरी खाली ठेवून हात झटकत. त्यांचा दिवस असा कानांनी चालायचा आणि झकास चालायचा.

मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सगुणाची आई वारली. आणि ती गेल्यावर थोड्याच दिवसांत पाखरंही यायची थांबली. आधी मुनिया गेल्या, मग चिमण्या, मग होले. शेवटी दयाळही कुठे निघून गेला.

"तिच्या मागं गेली गं पाखरं," बाबा म्हणाले. "त्यांनाही घर सुनं वाटलं असेल."

तेव्हापासून बाबांचा दिवस हरवला. भर दुपारी ते चूळ भरायला उठत. तिन्हीसांजेला विणायला बसत. सगुणा जवळ असली तर सांगायची, पण ती पाण्याला गेली, गावात गेली, की सांगणारं कोण? मग ते झोपडीत एकटेच बसून वाट पाहत आणि तिची चाहूल लागली की विचारत, "सगू, उजाडलं का गं?"

कधी उजाडलेलं असे, कधी मावळलेलं. सगुणा हातातलं काम टाकून आधी त्यांना वेळ सांगायची. ती होती मोठी गुणाची पोर. आई गेल्यापासून घर तिनेच सांभाळलं होतं. अंगण झाडून लख्ख, भांडी घासून चकचकीत, दाणे पाखडून स्वच्छ. केराचा एक कण दारात दिसायचा नाही, सगळा चुलीत. शेजारच्या बाया म्हणत, पोर आईपेक्षा टापटिपीची निघाली. हे ऐकून सगुणाला बरं वाटे, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटे.

एका सकाळी ती शेवग्याची फुलं वेचायला बागेत गेली. बरोबर बाबांनी विणलेली छोटी परडी होती. ती परडी तिने तगरीखाली ठेवली, इकडे तिकडे फुलं वेचली आणि ओटीत भरून परत येते तो काय, परडीत कुणीतरी झोपलेलं.

अंगठ्याएवढी एक परी. अंगात मोरपंखी झगा, झग्याला जांभळी झालर, पाठीवर पंख, आणि त्या पंखांवर दवाचे चिमुकले थेंब चमचम करत होते. एक पाय परडीच्या कडेवरून बाहेर लोंबत होता आणि ती चक्क घोरत होती.

फुलं कुठे ठेवायची हा सगुणापुढे प्रश्न. परडी उलटी करावी, तर ही बिचारी पडेल. मग तिने फुलं ओटीतच राहू दिली आणि परीच्या तोंडावर ऊन येऊ लागलं तसं एक जास्वंदीचं पान तिच्यावर आडवं धरलं. धरून धरून हात दुखून आला, तेव्हा कुठे परी जांभई देत उठली.

"पान कुणी धरलंय?" परीने विचारलं.

"मी. सगुणा."

"किती वेळ?"

"ते काही मी मोजलं नाही."

परी उठून परडीच्या कडेवर बसली आणि झगा नीट करू लागली. "म्हणजे आता मला तुला इच्छा द्यायला हव्यात. तीन. तीनच ना? हो, तीन. आणि नियमसुद्धा आहेत. पहिला, स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसरा, जे गेलं ते परत मागायचं नाही. तिसरा..." ती थांबली आणि कपाळावर टिचकी मारू लागली. "तिसरा मी नेहमी विसरते. हां. कुठल्याही जिवाला त्याच्या मर्जीविरुद्ध ओढून आणायचं नाही."

सगुणाला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. "मग माझ्या बाबांचे डोळे दे."

"गेलेले आहेत?"

"हो."

"मग दुसरा नियम."

सगुणाने ओटीतली फुलं सावरली. तिच्या ओठांवर आणखी एक शब्द आला होता. तो तिने गिळला. "तोही दुसराच नियम," ती स्वतःशीच म्हणाली. परीने तिच्या करंगळीवर आपला पिटुकला हात ठेवला.

"मग पाखरं आण," सगुणा म्हणाली. "बाबांना दिवस सापडत नाही पाखरांशिवाय."

"तिसरा नियम. ओढून आणता येत नाही."

"मग मागायला उरलं काय?"

"मलाही नेहमी हाच प्रश्न पडतो," परी म्हणाली, आणि दोघी गोंधळून एकमेकींकडे बघत बसल्या.

विचार करता करता सगुणाला सुचलं. पाहुण्यांना ओढून आणता येत नसेल, पण ताट तर वाढून ठेवता येतं. आणि पाहुण्यांना काय वाढावं हे तिला पक्कं ठाऊक होतं. दाणा निवडलेला हवा. पाहुण्यांच्या दाताखाली खडा आला तर घरच्यांची मान खाली जाते.

"पाखरांसाठी उत्तमातला उत्तम दाणा दे," ती म्हणाली. "पाखडलेला, निवडलेला. त्यात खडा नको, टरफल नको, गवताचं बी नको."

परीने टाळी वाजवली. तगरीखाली तांदळाची रास पडली. मोत्यासारखे टपोरे, पांढरेशुभ्र दाणे, आणि त्यांना गुलाबपाण्याचा मंद वास.

"वास मी माझ्याकडून घातलाय," परी कौतुकाने म्हणाली.

सगुणाने केळीची पानं मांडली. त्यांवर तांदळाच्या गोल गोल मुदी लावल्या, बाजूला फुलं ठेवली आणि दोघी पेरूच्या झाडामागे लपून बसल्या. आधी लाल मुंग्या आल्या. मग खारूताई आली. तिने वास घेतला, जोरात शिंकली आणि निघून गेली. पुष्कळ वेळाने लांबून एक चिमणी आली. सगुणाने श्वास रोखला. चिमणीने एक दाणा उचलला, टाकला, चोच फांदीवर दोन्ही बाजूंनी पुसली आणि उडून गेली.

"इतका छान तांदूळ," सगुणा म्हणाली. तिला काही कळेना.

"इतका छान वास," परी म्हणाली. तिलाही काही कळेना.

दुसऱ्या दिवशी सगुणाने वेगळा विचार केला. दाण्यात खोट नसेल, तर बसायच्या जागेत असेल. पाहुण्यांना जमिनीवर वाढलं हेच चुकलं. "पाखरांना बसून जेवायला अशी जागा दे," ती म्हणाली, "की राजवाड्यातसुद्धा नसेल."

परीला हे फारच आवडलं. तिने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. आंब्याच्या फांदीला एक सोन्याचा झोपाळा लटकू लागला. त्याला मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्यावर चांदीची वाटी, वाटीमागे लखलखता आरसा आणि कडेने घुंगरांची झालर. वाऱ्याची झुळूक आली की सगळा झोपाळा झळाळून उठायचा आणि छुमछुम वाजायचा.

एक साळुंकी आली. तिला आरशात दुसरी साळुंकी दिसली. ती आरशातल्या साळुंकीशी कडाकडा भांडली आणि दोघीही उपाशीच गेल्या. एक बुलबुल सोन्याच्या दांडीवर बसायला गेला, त्याचे पाय घसरले, घुंगरं वाजली, आणि तो असा घाबरून पळाला की त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. उरला एक सरडा. तो झोपाळ्याच्या वरच्या मजल्यावर ऊन खात पडून राहिला.

सगुणा पाणी आणायला गावाच्या विहिरीवर गेली ती डोक्यात गोंधळ घेऊनच. आणि इकडे झोपडीत बाबांना घुंगरं ऐकू येत होती. छुम, छुम, छुम. बाबांना वाटलं, बाजाराच्या गाड्या निघाल्या. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असतात ना, आणि बाजाराला निघायचं ते पहाटेच. म्हणजे पहाट झाली, आणि सगू अजून झोपली असावी. निजू दे पोरीला, असं म्हणून त्यांनी घरातली होती नव्हती ती सुपं आणि टोपल्या चाचपून गोळा केल्या, दोरीत ओवल्या, खांद्यावर टाकल्या आणि काठी टेकत ते एकटेच निघाले.

सगुणा परत आली तेव्हा झोपडी रिकामी होती. ती धावत सुटली. बाबा ओढ्याच्या कोरड्या पात्रात बसलेले होते. कोपर खरचटलं होतं, टोपल्या चारी दिशांना पडल्या होत्या, आणि समोरच्या टेकडीवर सूर्य टेकला होता.

"सगू, आलीस?" ते म्हणाले. "उजाडलं का गं?"

सगुणाला खोटं बोलता येईना. "बाबा, दिवस मावळतोय."

बाबांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला दिवसच सापडत नाही बघ. ज्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही त्यानं विणावं तरी कशाला? राहू दे आता."

घरी आल्यावर त्यांनी आपली सुरी फडक्यात गुंडाळून आढ्यात खोचून ठेवली. लाकूडफाट्यासारखे ते कोपऱ्यात पडून राहिले. सगुणा बाहेर येऊन रडली. परी आंब्याच्या खोडावर बसली होती. झोपाळ्याची घुंगरं तिने काढून टाकली होती आणि तिच्या पंखांची चमक मंदावली होती.

"घुंगरं मीच लावली होती," परी हळूच म्हणाली. "तिसरी इच्छा मागतेस?"

"नको. दोनदा मागितलं आणि बाबा पडले. तिसऱ्यांदा काय होईल कुणास ठाऊक."

पण भाकरीला पीठ हवं होतं, आणि पिठाला बाजरी पाखडायला हवी होती. सगुणाने ओढ्यातून गोळा करून आणलेल्या ढिगातून आईचं सूप उचललं. रोजच्या वापराचं तेच होतं, बाबांनी बाजारात न्यायला घेतलं होतं चुकून. त्या सुपाच्या मागच्या कोपऱ्यात पूर्वी एक भोक होतं. उंदराने केलेलं, असं आई सांगायची, आणि बाबा दुरुस्त करायला मागत तर देतही नसे. आई गेल्यावर घर आवरताना सगुणाने सगळ्यांत आधी ते बुजवलं होतं. बुरडाच्या घरात फाटकं सूप, लोक काय म्हणतील? बारीक कामट्यांचं ठिगळ तिने छान विणलं होतं. आज ओढ्यात आपटून ते ठिगळ कुठेतरी गळून पडलं होतं.

अंगणात बसून तिने तसंच पाखडायला घेतलं. भोकातून बाजरी बारीक धारेने गळत होती. तिच्याबरोबर गवताचं बी, फुटका दाणा, कोंडा, इवले इवले खडे, सगळं अंगणात सांडत होतं. एरवी तिने लगेच झाडू हाती घेतला असता. आज तिच्यात तेवढं त्राणच नव्हतं. ती तशीच आत गेली, बाबांना दोन घास भरवले आणि झोपली.

सकाळी ती दारात आली आणि तिथेच थबकली.

अंगणात एक मुनिया होती. लिंबाएवढी, तपकिरी, पोटावर खवल्यांची नक्षी. सांडलेल्या धारेवरून ती टुणूक टुणूक पुढे सरकत होती. गवताचं एक बी उचलायचं, चोचीत फिरवायचं, टरफल बाहेर टाकायचं, की दुसरं. थोड्या अंतरावर एक चिमणी होती. ती काय करत होती? ती खडे वेचत होती.

"परी," सगुणा कुजबुजली, "ती खडे खातेय."

"दिसतंय मला," परी तिच्या कानामागून कुजबुजली. "वेडी तर नाही?"

सगुणा विचारात पडली. मोत्यासारखा तांदूळ सोडून केर खायचा, हा कुठला न्याय? मग तिची नजर दारातल्या जात्यावर गेली. दाणे दळायला दगड लागतो. चिमणीला तर दात नाहीत. तिचं दळण पोटातच होत असणार. आणि मुनियाला टरफल सोलण्यातच गोडी असेल, जशी आपल्याला शेंगा फोडून खाण्यात असते.

"अगं, आपण पाखडून फेकतो तेच यांचं जेवण," ती म्हणाली. "मी तर ते रोज चुलीत घालत होते."

तिने सूप उचलून मांडीवर घेतलं आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. फिरवता फिरवता बोट थांबलं. ती बुरडाची लेक होती. उंदराने कुरतडलेली कामटी खरबरीत लागते, बोटाला टोचते. ही कड गुळगुळीत होती. चारही बाजूंनी सरळ, सुरीने कापलेली.

तिला आई दिसली. पहाटेच्या उजेडात अंगणात बसलेली, सूप झुलवणारी, आणि तिच्याभोवती सांडलेल्या दाण्यांची रांगोळी. आतून बाबांची कटकट, "अगं, माझ्या सुपातून दाणा पडत नाही आणि त्या मेल्या उंदरापायी इतकं सांडतंय! दे बघू इकडे." आणि आईचं हसू.

पाखरं आईच्या मागं गेली नव्हती. ती उपाशी होती म्हणून गेली होती. आणि त्यांचं ताट सगुणाने, आपल्या गुणी हातांनी, बुजवून टाकलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना. तिने थोडं थोडं दोन्ही केलं.

तेव्हापासून सगुणा रोज पहाटे त्या गळक्या सुपात बाजरी, नाचणी, राळे पाखडू लागली आणि झाडू उशिरापर्यंत कोपऱ्यातच राहू लागला. पण पाखरं म्हणजे काही एका पंगतीला बसणारे पाहुणे नव्हेत. होल्यांना उंचावरचं काही नको, जमिनीवर चालत चालतच खायचं. मुनियांना जमिनीवर मांजराची भीती. बुलबुलाने बाजरीकडे ढुंकून पाहिलं नाही. एक चिमुकला जांभळा शिंजीर आला, त्याला दाणाच नको होता, फळही नको होतं. परी आणि सगुणा पुन्हा गोंधळल्या. या गोंधळाची मात्र सगुणाला आता भीती वाटत नव्हती. ती नुसती बघत बसायची. बुलबुलाची नजर पेरूवर होती. तिने अर्धा पिकलेला पेरू काट्याला खोचून ठेवला. शिंजीर जास्वंदीच्या फुलात चोच घालत होता. तिने कुंपणाची जास्वंद छाटायची सोडून दिली. राहिल्या मुनिया. त्यांच्यासाठी ती बाबांपाशी गेली.

"बाबा, एक परडी हवी. उथळ. आणि वीण सैल, रोवळीसारखी."

"परडी की रोवळी?" कोपऱ्यातून बाबा म्हणाले. "तांदूळ धुवायची ती रोवळी. फुलं ठेवायची ती परडी."

"मधलं काहीतरी. दव पडलं, पाऊस आला तर पाणी गळून जायला हवं, नाहीतर दाणा कुजतो. आणि कड खरबरीत हवी, पायांनी घट्ट धरता येईल अशी."

"पायांनी?" बाबा उठून बसले. "असलं विचित्र गिऱ्हाईक कोण म्हणायचं?"

"आहे एक. लहानसंच आहे."

बाबा पुटपुटले की या घरात सैल विणून आजवर कुणी नाव घालवलं नव्हतं. पण आढ्यात हात घालून त्यांनी सुरी काढली. विणता विणता मध्येच त्यांचे हात थांबले. "सगू, आत्ता बाहेर काही चिवचिवलं का गं? का मला भास झाला?"

सगुणाने पुढची कामटी त्यांच्या हातात दिली. दयाळ आल्याशिवाय काही सांगायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. खोटी आशा लावून बाबांना पुन्हा ओढ्यात पाडायचं नव्हतं. आणि दयाळ तर दाणेही खात नाही, फळंही खात नाही. त्याला हवेत किडे. त्याच्यासाठी काय वाढायचं हे तिला काही केल्या सुचत नव्हतं. तिने फक्त पाला झाडायचा थांबवला होता, आणि त्या पाल्याखाली काय काय वळवळतंय याकडे काणाडोळा केला होता.

असे बरेच दिवस गेले. आणि मग एकदा सगुणा गाढ झोपेत असताना कुणीतरी तिला हलवलं.

"सगू, ऊठ. उजाडलं."

सगुणाने डोळे उघडले. झोपडीत काळोख होता. "बाबा, अजून अंधार आहे."

"अंधार तुला. ऐक."

बाहेर कुंपणावरून एक लांबलचक, गोड, वळणावळणाची शीळ आली. थांबली. पुन्हा आली. बाबा दारात उभे होते, चूळ भरून, तोंड पुसून, डोक्याला मुंडासं बांधून. किती दिवसांनी त्यांचं मुंडासं नीट बसलं होतं.

सगुणा अंगणात धावली. पूर्वेला गुलाबी रेघ उमटत होती. कुंपणावर काळापांढरा दयाळ शेपटी उंचावून गात होता. परी आईच्या सुपाच्या कडेवर बसली होती आणि तिचे पंख पुन्हा झळाळत होते.

"तिसरी इच्छा राहिली आहे," परी म्हणाली. "ती दिल्याशिवाय मला जाता येत नाही. बहुतेक तसा नियम आहे."

सगुणाने विचार केला. बाबांना दिवस मिळाला होता. स्वतःसाठी मागायचं नव्हतं, आणि मागावंसं वाटतही नव्हतं. "ही इच्छा तू कुणाला तरी दे," ती म्हणाली. "माझ्यासारखी गोंधळलेली कुणी असेल, तिला. आणि तिला नियम सांगून झाले, की तिच्याबरोबर थोडा वेळ बस. माझ्याबरोबर बसलीस ना, तशी. मला त्याचाच फार आधार वाटला."

परी तिच्याकडे बघत राहिली. "मला आजवर कुणी थांब म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. तिने सगुणाच्या कपाळावर ओठ टेकले. मग तिचा मोरपंखी झगा सोनेरी झाला, पंख केशरी झाले आणि पाहता पाहता सगळी परीच उजेडाची झाली. तो उजेड सुपात सांडला, अंगणात सांडला, पानापानांतून चमचमत गेला आणि उगवत्या उन्हात मिसळला. सूर्य कुठला आणि परी कुठली, हे सगुणाला सांगता येईना. आंब्याखालचा सोन्याचा झोपाळाही विरघळला; सरडा तेवढा धप्पकन खाली पडला.

"ऊन आलं वाटतं आज दारात," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिकडे तोंड वळवलं. "आंब्याखाली कधी येत नाही ते."

ते सगुणाजवळ येऊन बसले. सूप चाचपताना त्यांची बोटं कोपऱ्यापाशी पोहोचली. "हे तर तू बुजवलं होतंस ना? पुन्हा उंदीर लागला?"

"बाबा," सगुणा म्हणाली, "नीट हात लावून बघा. हे उंदराचं काम नाही."

बाबांची बोटं कडेवरून सावकाश फिरली. एकदा. मग पुन्हा. अंगणात चिमण्या उतरल्या होत्या, मुनिया सैल विणीच्या परडीच्या कडेला रांगेने बसल्या होत्या. सगळीकडे इतका किलबिलाट चालला होता की बाबांचा आवाज सगुणाला जेमतेम ऐकू आला.

"म्हणजे मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या उंदराला शिव्या घालत होतो," ते म्हणाले. आणि हसता हसता त्यांचे न दिसणारे डोळे भरून आले.

पुढे बाबांच्या सुपांना गावोगावहून मागणी आली आणि त्या घरात भाकरीची कधी वाण पडली नाही. ओढ्याच्या वळणावर अजून ती बाग आहे, झोपडी आहे, आणि कुंपण अजून झोपडीला धरून उभं आहे. बाबा आजही घट्ट, सुबक सुपं विणतात. पण प्रत्येक सुपाच्या मागच्या कोपऱ्यात ते सुरीने एक छोटंसं भोक पाडतात. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर गंभीर चेहरा करून सांगतात, "उंदरानं केलंय."